कुत्र्याचा डावा डोळा

पाणीपुरवठा खात्यात तक्रारींचे फोन घेणाऱ्या त्या बाईंना ऑफिसपासून गल्लीपर्यंत सगळे तक्रारबाई म्हणत. जिने स्वतःसाठी जन्मात कधी तक्रार केली नाही तिला असं नाव मिळावं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. सकाळी फोन कानाला लावला की लोक सुरू व्हायचे. नळ कोरडा आहे, नळाला गढूळ पाणी आहे, पाणी आलं पण रस्त्यावर आलं. यातलं काहीही तक्रारबाईंनी केलेलं नसायचं, पण शिव्यांच्या धनी त्याच. उत्तर ठरलेलं होतं: "आपली तक्रार नोंदवली आहे. झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत." वर आवाज गोड हवा, असा साहेबांचा हुकूम. वर्षानुवर्षं इतकं सगळं गिळल्यावर माणसाचं दुसरं काय होणार? तक्रारबाईंचा रक्तदाब वाढला.

डॉक्टर म्हणाले, मन शांत ठेवा. सांगायला काय जातं? मन म्हणजे काय नळ आहे, फिरवला की बंद? पण तक्रारबाईंच्या लेकीने ते फारच मनावर घेतलं. लेक लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि आईच्या तब्येतीची सूत्रं तिने आपणहून हातात घेतली होती. तिने आईला न विचारताच चित्रकलेच्या वर्गात आईचं नाव घालून टाकलं.

"तैलचित्रं शिकवतात, आई. रंगांत मन रमतं. राग निघून जातो."

"मला राग येतो असं कोण म्हणालं?" तक्रारबाईंनी विचारलं, आणि ते इतक्या जोरात विचारलं की नवऱ्याने आतल्या खोलीतून डोकं बाहेर काढलं.

राग होताच. मात्र फोनवरच्या लोकांवर नव्हता. त्यांचं पाणी गेलेलं असायचं, ते ओरडणारच. तक्रारबाईंचा खरा राग एका साध्या, प्रेमळ वाक्यावर होता. ते वाक्य म्हणजे "इकडे आण, मी करतो."

हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा ऐकलं ते थोरल्या भावाच्या तोंडून. शाळेत घराचं चित्र काढून आणायला सांगितलं होतं. त्यांनी घर काढलं, जरा कललेलं, खिडक्या दारापेक्षा मोठ्या. भावाने बघितलं, म्हणाला, "इकडे आण, मी करतो," आणि सगळं खोडून एक सरळसोट घर काढून दिलं. त्या घराला बक्षीस मिळालं, अर्थात बहिणीच्या नावाने. घरच्यांनी पाठ थोपटली. ती पोर कोपऱ्यात तोंड घालून रडायला लागली, तर तिची आई कौतुकाने सगळ्यांना सांगत सुटली, बघा, पोरगी आनंदाने रडतेय.

पुढे ते वाक्य लग्नात आहेरासारखं बरोबर आलं म्हणायला हरकत नाही. नवरा भूमापन खात्यात जमिनी मोजायचा. आता निवृत्त झाला होता, पण मोजणं थांबलं नव्हतं. तक्रारबाईंनी घडी केलेली चादर तो उलगडून पुन्हा घडी करायचा, कोपऱ्याला कोपरा जुळवून. त्यांनी भाजी चिरायला घेतली की "इकडे आण, तुकडे सारखे होत नाहीयेत तुझे." डब्यांवर त्यांनी लावलेल्या चिठ्ठ्या काढून त्याने आपल्या सुबक अक्षरातल्या लावल्या होत्या. माणूस वाईट होता का? मुळीच नाही. हेच तर दुखणं होतं. वाईट असता तर भांडता आलं असतं, दात-ओठ खाता आले असते, माहेरी जाऊन चार गोष्टी सांगता आल्या असत्या. मदत करणाऱ्या माणसाविरुद्ध कुठे जाऊन बोलायचं? ऐकणारा म्हणतो, भाग्यवान आहात हो. लेकही बापाच्या वळणावर गेलेली. आईला मोबाइलवर काही शोधायला दोन क्षण लागले की फोन हातातून काढूनच घ्यायची. "दे इकडे, आई."

तर अशा या बाई एका शनिवारी सकाळी नवी कोरी ब्रशांची पिशवी घेऊन, कपाळाला आठ्या घालून, वर्गाचा जिना चढल्या. आतापर्यंत वापरलेल्या सगळ्या सबबी संपल्या होत्या.

वर्ग दातांच्या दवाखान्याच्या वर होता. जिन्याच्या मधल्या वळणापर्यंत औषधाचा वास, पुढे टर्पेंटाइनचा. खिडक्या उत्तरेकडच्या, मोठ्या, आणि कोणी न पुसलेल्या. फरशीवर इतक्या वर्षांचा रंग सांडलेला की तिचा मूळ रंग कोणता ते सरांनाही सांगता आलं नसतं. खाली डॉक्टरांचं यंत्र कुणाच्या तरी दाढेत घुसलं की वर सगळ्यांचे ब्रश एकदम थांबायचे.

सर गोड माणूस. आवाज मऊ, चालणं मऊ, पांढऱ्या दाढीला बोटं पुसायची सवय असल्याने दाढीत कधी निळी तर कधी पिवळी झाक. आयुष्यभर त्यांनी संस्थांच्या भिंतींवर टांगायची मोठी माणसं रंगवली होती. त्यांच्या मते तैलरंग शिकायचा एकच रस्ता. एक चांगलं चित्र घ्यायचं आणि ते हुबेहूब पुन्हा करायचं. सगळ्यांनी तेच. म्हणून वर्गात कॅनव्हास टेकवायच्या प्रत्येक घोडीवर एकच म्हातारा बसलेला होता.

मूळ चित्र जुन्या कॅलेंडरातून कापलेलं. काळ्या कोटातला एक म्हातारा खुर्चीत बसलाय. त्याच्या गुडघ्याला टेकून तपकिरी रंगाचं कुत्रं उभं आहे, आणि म्हाताऱ्याचा जाडजूड हात कुत्र्याच्या डोक्यावर आहे. कुत्र्याचा उजवा डोळा त्या पंजाच्या सावलीत गेलेला, दिसतो तो फक्त डावा. त्या डाव्या डोळ्याने कुत्रं मालकाकडे बघतंय, आणि बघणं असं की जगात दुसरं काही बघण्यासारखं नाहीच.

"या चित्राचा सगळा जीव त्या डोळ्यात आहे," सर पहिल्याच दिवशी म्हणाले. "पण तिथे पोचायला वेळ आहे. आधी चौकटी आखा."

चौकटी आखायच्या म्हणजे मूळ चित्रावर उभ्या-आडव्या रेघा मारायच्या, तितक्याच कॅनव्हासवर मोठ्या मारायच्या, आणि एकेका चौकटीतलं तिथल्या तिथे उतरवायचं. तक्रारबाईंनी सरावासाठी चित्राची एक प्रत घरी नेली, तीच चूक झाली. भूमापन खात्यातल्या माणसाच्या घरात तुम्ही पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसता, मग काय होणार? त्या चहा ठेवून परत आल्या तोवर त्यांच्या रेघा खोडलेल्या होत्या आणि जागी नव्या, केसासारख्या बारीक, काटेकोर रेघा आल्या होत्या.

"तुझ्या जरा तिरक्या जात होत्या," नवरा म्हणाला. चेहऱ्यावर समाधान.

तक्रारबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तोंडातून निघालं काय, तर "बरं." सवयच तशी. मनात मात्र त्यांनी ठरवून टाकलं की कॅनव्हास घरी आणायचा नाही. होईल तसा होऊ दे, पण वर्गातच होऊ दे. ही पहिली वेळ होती की त्यांना कुठली तरी वस्तू लपवून ठेवावीशी वाटली.

आता शिकणं. ज्याने कुणी तैलरंगाने मन शांत होतं म्हणून सांगितलं त्याने ब्रश कधी धरलेला नसणार. आधी मातकट रंग पातळ करून सगळी सावली-उजेडाची बैठक मांडायची आणि वाळायची वाट बघायची. मग कोट. कोट काळा, पण काळा लावला की भिंतीला भोक पडल्यासारखं दिसतं, म्हणून निळ्यात तपकिरी मिसळून काळा करायचा. मग पुन्हा वाट बघायची. तक्रारबाईंना वाट बघायची सवय नव्हती; फोनवर दुसऱ्यांना वाट बघायला लावायची होती. त्या ओल्या रंगावर रंग चढवायच्या आणि सगळ्याचा चिखल व्हायचा. मग ब्रश आपटायच्या. शेजारच्या घोडीवर एक निवृत्त बँक मॅनेजर होते, त्यांनी हळूच आपलं स्टूल हातभर सरकवून घेतलं.

म्हाताऱ्याच्या हाताची बोटं करताना असाच चिखल झाला. सर मऊ पावलांनी आले. त्यांनी चिंधी टर्पेंटाइनमध्ये किंचित भिजवली आणि वरचा सगळा रंग एका हाताने पुसून काढला. तक्रारबाईंचा जीव वरखाली झाला. पण खाली गेल्या महिन्यातली, वाळलेली बोटं जशीच्या तशी होती.

"बघितलंत? खालचा थर वाळलेला असला की तो कुठे जात नाही," सर म्हणाले. "वरचा ओला आहे तोवर पुसता येतो. म्हणून घाबरायचं नाही. आणि घाईही करायची नाही."

हे मात्र तक्रारबाईंना पटलं. वाळलेलं कुठे जात नाही. त्या दिवशी त्या घरी जाईपर्यंत हेच घोळवत होत्या.

मग कुत्रं आलं. त्यांनी एकेक केस काढायला घेतला, बारीक ब्रशने, जीव ओतून. कुत्र्याचा केरसुणी-अवतार झाला. मॅनेजरांचं कुत्रं एव्हाना मेंढीवर गेलं होतं, त्यामुळे त्यांना बोलायची सोय नव्हती, तरी ते बोलले, "तुमच्या कुत्र्याला कंगवा लागेल." सर म्हणाले, "केस काढू नका, कुत्रं काढा. आधी त्याची हाडं कुठे आहेत ते बघा, मग सावली, आणि उजेडाचे केस सगळ्यात शेवटी, चारच." तक्रारबाईंनी सगळं खरवडलं. पुन्हा केलं, पुन्हा खरवडलं. रागावून खरवडत होत्या, पण येत होत्या. एकही शनिवार चुकवला नाही. पाऊस असो, पाहुणे असोत, लेकीचं मांजर आजारी असो. आणि हळूहळू त्या तपकिरी डागातून एक खांदा वर आला, एक मान आली, कान आला. तो कान बघून तर मॅनेजरही गप्प झाले.

उरला डोळा.

डोळा काही येईना. मूळ चित्रातल्यासारखं पाणीदार, भाबडं बघणं काढायला जावं, तर कुत्रं झोपेत असल्यासारखं दिसायचं. किंवा आजारी. एकदा तर ते चक्क त्यांच्या साहेबांसारखं दिसायला लागलं, तेव्हा त्यांनी तो डोळा ताबडतोब पुसला.

त्याच आठवड्यात ऑफिसात ते घडलं. फोनवर एक गृहस्थ होते. पाणी नाही हे सांगून झालं होतं, मग ते बाईंच्या अकलेवर आले, तिथून बाईंच्या आईबापांवर. "तुम्हाला तिथे बसवलंय कशाला? काही कळतं का तुम्हाला?" तक्रारबाई ठरलेलं वाक्य म्हणणार होत्या. तोंड उघडलं आणि वेगळंच बाहेर आलं. "आता माझं ऐका," त्या म्हणाल्या. शांतपणे, पण त्यात गोडवा नव्हता. पलीकडचा माणूस चक्क थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ऐकायला थांबलं होतं. आणि तेवढ्यात मागून साहेबांचा हात आला.

"इकडे द्या, मी बोलतो." साहेबांनी फोन हातातून घेतला आणि पलीकडच्या माणसाला हसून म्हणाले, "माफ करा हं. बाईंची तब्येत बरी नसते हल्ली." मग फोन ठेवून त्यांनी तक्रारबाईंच्या खांद्यावर थोपटलं. "सांभाळून घेतलं मी. काळजी करू नका."

काय सांगायचं होतं त्यांना त्या माणसाला? त्यांनाही नीटसं माहीत नव्हतं. म्हणून तर जास्त लागलं. ते वाक्य आता कधीच कळणार नव्हतं.

शनिवारी त्या वर्गात आल्या त्या कुणाशी न बोलता. मूळ चित्राकडे त्यांनी पाहिलंदेखील नाही. पाहिलं ते आपल्या कॅनव्हासवरच्या त्या जाड हाताकडे, कुत्र्याच्या डोक्यावर ठेवलेल्या, आणि ब्रश उचलला. पांढऱ्यात जरा निळा, कडेला गडद तपकिरी, बुबुळ थोडं वर आणि हाताच्या बाजूला. डोळ्याच्या कोपऱ्यात पांढऱ्याची एक बारीक कड. झालं. खालचं यंत्र दाढेत घुसून बाहेरही आलं नसेल, तेवढ्यात झालं.

कुत्रं आता मालकाकडे बघत नव्हतं. मान मालकाकडे होती, पण डोळा वर, त्या हाताकडे होता. तिरका. पुरे आता, असं म्हणणारा. अजून एकदा थोपटलंस तर बघ, असं म्हणणारा. चावलेलं नव्हतं कुणाला. बहुधा चावणारही नव्हतं. पण चिडलेलं होतं, आणि किती वर्षांपासून ते त्या एवढ्याशा पांढऱ्या कडेत दिसत होतं.

तक्रारबाई मागे सरकल्या आणि हसल्या. मोठ्याने. मॅनेजर दचकून ब्रश खाली ठेवून तक्रारबाईंच्या घोडीपाशी आले.

"तुमचं कुत्रं चिडलंय," ते म्हणाले.

"हो," तक्रारबाई म्हणाल्या. त्यांना कितीतरी दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं. रक्तदाब कुणी मोजला असता तर डॉक्टरांची खात्री पटली असती.

सर आले. मान कलती करून बघत उभे राहिले. "हात सुधारलाय तुमचा," ते म्हणाले. "कान तर फार सुंदर. डोळ्यात मात्र भाव चुकला. हे इमानी जनावर आहे. असू दे, बघू आपण शेवटच्या हाताच्या वेळी."

शेवटचा हात म्हणजे त्या वर्गाची परंपरा. वर्षाच्या शेवटी वाचनालयाच्या सभागृहात विद्यार्थ्यांच्या चित्रांचं प्रदर्शन असायचं, आणि त्याआधी सर एकेका चित्रावर स्वतःचा ब्रश फिरवायचे. कुणाचं नाक सरळ करायचे, कुणाच्या कोटाला घडी द्यायचे, आणि डोळे तर सगळ्यांचेच करायचे. विद्यार्थी त्याची चातकासारखी वाट बघायचे. घरी पाहुण्यांना दाखवताना कुणी सांगत नसे की डोळे सरांचे आहेत. जुनी चित्रं भिंतीला टेकवून ठेवलेली होती. तक्रारबाईंनी आता ती नीट बघितली. वेगवेगळे म्हातारे, वेगवेगळी कुत्री, एक मेंढीसारखं, एक अस्वलासारखं, आणि सगळ्यांचा डोळा तोच, सरांचा.

"सर," त्या म्हणाल्या. "बाकी चित्राला काय करायचं ते करा. या डोळ्याला हात लावू नका."

ज्या बाईने आजवर चादरीच्या घडीसाठीसुद्धा तोंड उघडलं नव्हतं, तिला हे एक वाक्य किती जड गेलं असेल याची सरांना कल्पना असायचं कारण नव्हतं. सर हसले. त्यांनी तक्रारबाईंच्या खांद्यावर थोपटलं.

"काळजी करू नका," ते म्हणाले.

आता याला होकार म्हणायचं की नकार? तक्रारबाईंनी होकार धरला. माणसाने एकदा तरी होकार धरावा की नाही? चित्र वाळायला तिथेच राहिलं. पुढचे कितीतरी आठवडे त्या म्हाताऱ्याची खुर्ची, मागचा पडदा असलं काहीबाही करत राहिल्या. डोळा वाळला, पक्का झाला. फोनवर शिव्या खाताना त्यांना मधेच तो आठवायचा. वर्गात, भिंतीपाशी, एक कुत्रं आहे आणि ते अजून तिरकं बघतंय. एवढं एक माझं आहे, त्या मनाशी म्हणायच्या, आणि पुढचा फोन उचलायच्या.

प्रदर्शन रविवारी सकाळी होतं. नवरा तयार होऊन दाराशी उभा, लेक रिक्षा घेऊन आलेली. "आई, आधी सांगणार नाहीस का काय काढलंय ते?" लेक विचारत होती. तक्रारबाई सांगत नव्हत्या. बघतीलच, असं त्यांच्या मनात होतं. आपला तिरका, चिडका डोळा ही दोघं बघतील आणि काहीतरी बोलतील. वाईट बोलले तरी चालेल, पण जे बोलतील ते आपल्याबद्दल असेल.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या त्या सभागृहात गर्दी होती. दाराजवळच्या टेबलावर सरांची रंगपेटी अजून उघडी होती. आदल्या संध्याकाळी उशिरापर्यंत त्यांचे शेवटचे हात चालले होते म्हणे. तक्रारबाईंचं चित्र समोरच्याच भिंतीवर, मानाच्या जागी लावलेलं. समोर माणसं जमलेली. त्या मागून टाचा उंचावून बघायला लागल्या.

कुत्रं मालकाकडे बघत होतं.

पाणीदार, भाबडा, ओला डोळा. बुबुळात खिडकीचा उजेड चमकत होता, पापणीखाली मायेची एक ओलसर रेघ. निर्दोष काम होतं, त्यात वाद नाही. तक्रारबाईंना वाटलं आपल्याला कुणीतरी पाण्याखाली धरलंय. लोकांचे आवाज येत होते पण लांबून. किती जिवंत आहे. डोळा तर बघा. बाईंचं पहिलंच चित्र आहे म्हणे, खरं वाटत नाही.

लेकीचे डोळे भरून आले होते. "आई," ती म्हणाली, "काय डोळा काढलायस गं तू."

आणि नवरा, ज्याने इतक्या वर्षांत कशालाही नुसतं चांगलं म्हटलं नव्हतं, ज्याला प्रत्येक गोष्टीत एक तिरकी रेघ दिसायची, तो चित्रासमोर बराच वेळ उभा राहिला. मग वळून म्हणाला, "यात सुधारण्यासारखं काहीच नाही." त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "हा डोळा तू काढलास?"

नुसतं हो म्हटलं असतं तर जन्मभराचं कौतुक पदरात पडलं असतं. सर गर्दीच्या मागे उभे राहून मंद हसत होते. ते कधीच कुणाला सांगत नसत. आणि तक्रारबाईंच्या पोटातून ते सगळं वर आलं. ते कललेलं घर वर आलं, बक्षीस, चादरी, चिठ्ठ्या, चौकटी, हातातून काढून घेतलेला फोन, आनंदाने रडतेय म्हणणारी आई. सगळं एकदम.

"नाही," त्या म्हणाल्या. "हा मी काढलेला नाही. माझा खाली आहे."

त्या टेबलापाशी गेल्या. सरांच्या पेटीतली चिंधी उचलली, टर्पेंटाइनच्या बाटलीचं तोंड तिच्यावर एकदा उपडं केलं, आणि परत आल्या. लोकांनी वाट दिली, कारण काय चाललंय ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी चिंधी कुत्र्याच्या डोळ्यावर ठेवली आणि हलकेच फिरवली, सरांनी म्हाताऱ्याची बोटं पुसताना फिरवली होती तशीच.

"अहो," सर मागून पुढे आले. मऊ आवाज पहिल्यांदा चिरकला. "काय करताय? चित्राचा सत्यानाश होईल."

"तुम्हीच शिकवलंत. वाळलेलं कुठे जात नाही."

"मी दुरुस्त केला होता तो. तुमच्या भल्यासाठी. लोक कौतुक करत होते तुमचं."

"तुमचं करत होते," तक्रारबाई म्हणाल्या. "मी तुम्हाला हात लावू नका म्हणाले होते. वर्गात, सगळ्यांसमोर म्हणाले होते. तुम्ही ऐकलं होतंत का, सर?"

सरांनी मॅनेजरांकडे पाहिलं, मॅनेजरांनी आपल्या मेंढीकडे.

"अगं, काय करतेस हे," नवरा घाईने जवळ आला. त्याने एक हात पुन्हा तिच्या खांद्यावर ठेवला, दुसरा पुढे केला. "फासलं जाईल सगळं. इकडे आण ती चिंधी, मी करतो नीट."

तक्रारबाई पुसायच्या थांबल्या. चिंधी त्यांनी घट्ट धरली आणि नवऱ्याकडे बघितलं. मान न वळवता, नुसत्या डोळ्याने, खांद्यावरच्या त्या हाताकडे.

सरांचा रंग निघाला होता. पापणीखाली थोडी मळकट झाक उरली होती, ती राहिलीच पुढे. पण खालचा डोळा शाबूत होता, तिरका, कोपऱ्यात पांढरी कड घेऊन. तो वर, म्हाताऱ्याच्या पंजाकडे बघत होता. एका बाईने आपल्या मुलाला जवळ ओढलं. लेक चित्राकडे बघत होती, मग आईकडे, मग पुन्हा चित्राकडे.

"आई," तिने हळूच विचारलं, "ते कुणावर चिडलंय?"

"हात ठेवणाऱ्यावर," तक्रारबाई म्हणाल्या.

नवऱ्याने चित्राकडे पाहिलं. जमिनी मोजण्यात आयुष्य गेलेला माणूस, नजर बारीक. कुत्र्याचा डोळा कुठून निघून कुठे जातो ती रेघ त्याने बरोबर धरली. मग ती रेघ आपल्यापाशी कशी येऊन पोचते तेही त्याला दिसलं. त्याने बायकोच्या खांद्यावरचा हात काढला. काढल्यावर तो कुठे ठेवायचा ते त्याला समजेना, शेवटी त्याने तो खिशात घातला.

तक्रारबाईंनी चित्र भिंतीवरून उतरवलं. चांगलंच जड होतं, आणि जिना अरुंद. नवरा आणि लेक मागून येत होते. दोघांपैकी कुणीही हात पुढे केला नाही.